सोललेलं बॉनेट

सासरेबुवांना लेकीच्या घरात एकच गोष्ट खुपत होती, ती म्हणजे फ्रिजचं हँडल. फ्रिज घेऊन दोन वर्षं झाली तरी हँडलवरचं पातळ प्लास्टिक तसंच होतं. त्याच्या कडा पिवळ्या पडून वर वळल्या होत्या, आत मळाची काळी रेघ बसली होती आणि दार उघडताना ते हाताला चरचरत होतं. आल्या दिवशीच त्यांचं नख त्या कडेखाली गेलं होतं. लेकीने वेळीच त्यांचं मनगट धरलं आणि हळूच सांगितलं, की बाबा, ह्यांना नाही आवडत, ह्यांच्या घरी कुठलीच वस्तू सोलत नाहीत.

ते खरंच होतं. जावईबापूंच्या घराण्यात टीव्हीचा रिमोट पिशवीत जगला आणि पिशवीतच वारला. सोफ्याला कव्हर होतं, ते मळू नये म्हणून त्यावर दुसरं कव्हर होतं आणि पाहुणे येणार म्हटलं की तिसरं पडायचं. उलट सासरेबुवांची सगळी हयात फोटोंना फ्रेमा करण्याच्या दुकानात गेलेली. त्यांच्याकडे फोटोवर काचेऐवजी लावायचे पारदर्शक पत्रे यायचे ते दोन्ही अंगांनी प्लास्टिक चिकटवलेले. ते सोललं नाही तर फ्रेम पुरी झाली असं त्यांचं मन मानत नसे. त्यामुळे सोलायचं राहिलेलं काही दिसलं, की कुणीतरी काम अर्धवट टाकून जेवायला गेलंय असं त्यांना वाटायचं आणि बोटं शिवशिवायची.

जावईबापूंशी त्यांचं भांडण मुळीच नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी दोघांचं संभाषण "प्रवास नीट झाला ना?" आणि "जेवण झालं का?" यांच्या पलीकडे गेलं नव्हतं. सासरेबुवांना त्याचं मनापासून वाईट वाटायचं. या खेपेला आपण काहीतरी उपयोगाचं करून दाखवायचं आणि जावयाच्या तोंडून एक तरी लांबलचक वाक्य काढायचं, असा पण करूनच ते आले होते.

संधी चालून आली. जावईबापू ऑफिसच्या बसने गेले, लेकही कामावर गेली आणि गडद निळी गाडी दिवसभर खाली उभी राहिली. बॉनेटवर एका पक्ष्याने आपली आठवण ठेवली होती. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. सासरेबुवा बादली, भांड्यांची पावडर, घासणी आणि गाडीची किल्ली घेऊन खाली उतरले.

डाग वाळून घट्ट बसला होता. त्यांनी घासणीने जोर लावला. डाग गेला, पण बॉनेटच्या कोपऱ्यावर काहीतरी बोटाला लागलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. दुधावरची साय बाजूला व्हावी तसा एक पारदर्शक पापुद्रा कडेला सुटला होता. सासरेबुवांना जावयाची कीव आली. या माणसाने गाडीसुद्धा अजून सोलली नव्हती!

पुढे काय झालं हे सांगायलाच नको. फ्रिजच्या हँडलवर आठवडाभर आवरून धरलेली बोटं बॉनेटवर सुटली. पापुद्रा सर्रकन आवाज करत निघत होता, खालून लखलखीत निळा रंग वर येत होता आणि सासरेबुवा अगदी समाधानात होते. अर्धं बॉनेट सोलून झाल्यावर आतला आरसा पुसावा म्हणून त्यांनी दार उघडलं. दाराच्या आतल्या कडेला एक छोटं स्टिकर होतं. या गाडीच्या रंगाला संरक्षक फिल्म लावलेली आहे, देखभालीसाठी फोन करावा, असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली नंबर होता.

"फिल्म?" सासरेबुवा स्वतःशीच म्हणाले. "कुठंय फिल्म?" आणि मग त्यांनी हातात लोंबणाऱ्या प्लास्टिककडे पाहिलं.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जावई आता लांबलचक वाक्य बोलेल यात शंका उरली नव्हती, पण ते ऐकायची सासरेबुवांची इच्छा मावळली होती. जिना चढून ते घरात गेले, पाणी प्यायले आणि त्यांनी स्टिकरवरच्या नंबरला फोन लावला.

फिल्मवाला मोठा हौशी निघाला. देखभालीचं विचारल्यावर त्याने सगळंच सांगायला घेतलं. गाडी सावलीत आणि थंड असतानाच धुवायची. दोन बादल्या घ्यायच्या, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायला. भांड्यांची पावडर चुकूनही लावायची नाही, घासणी तर नाहीच नाही. पक्ष्याची घाण असेल तर ओलं फडकं ठेवून भिजू द्यायची आणि अलगद उचलायची. पाण्याचा फवारा कडेवर मारायचा नाही. एवढं करून बारीकसारीक ओरखडे पडलेच, तर उन्हाच्या उबेने ते आपोआप भरून येतात.

"आपोआप?" सासरेबुवांना धीर आला. "आणि कोपरा सुटला असेल तर तोही आपोआप बसतो?"

"नाही काका, कोपऱ्याचं तसं नसतं. केवढा सुटलाय?"

"आहे जरासा."

"बोटाएवढा?"

"हाताएवढा म्हणा."

"पंजाएवढा?"

"नाही," सासरेबुवा म्हणाले. "खांद्यापासून."

मग फिल्मवाल्याने गाडी कोणती, कुणाची, असं विचारायला सुरुवात केली, तेव्हा सासरेबुवांनी फोन ठेवून दिला.

पण माणूस घाबरला म्हणून त्याची कला कुठे जात नाही. काचेखाली बुडबुडा राहू न देणं हाच तर सासरेबुवांचा धंदा होता. त्यांनी बॉनेट पुसून कोरडं केलं, पापुद्र्याच्या पाठीला साबणाचं पाणी लावलं आणि तो मूळ जागी पसरून लेकीच्या लाटण्याला मऊ पंचा गुंडाळून मधून कडेकडे लाटत नेला. एक हट्टी बुडबुडा राहिला, तो सुईने टोचून बसवला. घासणीने मेलेला कोपरा मात्र पुन्हा पुन्हा नाक वर काढत होता. त्यावर सासरेबुवांनी आपल्या पिशवीतली चिकटवायच्या गोंदाची नळी काढली. दुकान बंद केलं तरी ही नळी त्यांनी सोडली नव्हती. तिने बसवलेली फ्रेम भिंत पडली तरी सुटत नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगत असत.

संध्याकाळी जावईबापू गाडीजवळून आले आणि सरळ हातपाय धुवायला गेले. सासरेबुवांचा जीव भांड्यात पडला. रात्री जेवताना जावईबापू म्हणाले, "बाबा, त्या गाडीच्या बॉनेटवर एक फिल्म आहे. पिवळी पडायला लागलीये. उद्या सुट्टी आहे, तर ती सोलून नवी लावून आणतो. तुम्हीपण चला. तुम्हाला अशा कामांची आवड आहे, असं ही म्हणत होती."

वाक्यं चांगली लांबलचक होती आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जावयाने त्यांना कुठे चला म्हटलं होतं. उद्या जे सोलायचंच होतं, ते त्यांनी आज सोललं होतं. तिथेच थांबले असते तर जावयाने आभार मानले असते.

दुसऱ्या दिवशी फिल्मवाल्याच्या दुकानात सासरेबुवांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. आवाज ओळखला जाईल ही भीती होती. चहा हवा का म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, साखर किती म्हटल्यावर बोटं दाखवली. जावईबापू काळजीत पडले. "बाबा, घसा बसलाय का?" सासरेबुवांनी त्यालाही मान डोलावली.

फिल्मवाल्याने हीट गन फिरवली आणि तीन कोपऱ्यांकडून फिल्म केळीच्या सालीसारखी निघाली. चौथा कोपरा हलेना. त्याने जास्त गरम हवा दिली, बोटांनी ओढलं, प्लास्टिकची पट्टी घालून पाहिली. मग कपाळाचा घाम पुसून त्याने खणातून लोखंडी पातं काढलं.

सासरेबुवांनी ते पातं पाहिलं आणि खालचा निळा रंग पाहिला. त्या नळीचा चिकटा पात्याने निघत नाही, रंग घेऊनच निघतो, हे त्या दुकानात फक्त त्यांना ठाऊक होतं. गप्प बसले तर ते वाचत होते आणि गाडी जात होती. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"पातं लावू नका," ते म्हणाले. "त्या चिकट्याला गरम केलं की तो अजून धरतो. रॉकेलचा बोळा ठेवा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, मग कडेने सोला."

फिल्मवाल्याचा हात जागच्या जागी थांबला. त्याने वळून आधी सासरेबुवांच्या तोंडाकडे आणि मग त्यांच्या खांद्यापासून बोटांपर्यंत हाताकडे पाहिलं.

"काका," तो म्हणाला, "हात लांब आहे हो तुमचा."

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" जावईबापूंनी विचारलं.

"फोनवरची ओळख," फिल्मवाला म्हणाला आणि बोळा शोधायला आत गेला.

मग सासरेबुवांनी सगळं सांगून टाकलं. "मीच सोललं, जावईबापू. मला वाटलं तुमचं सोलायचं राहिलंय. मग कळलं तसं परत लावलं. चुकलं माझं."

जावईबापू गाडीपाशी गेले, निघालेली फिल्म उचलून उजेडात धरली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला.

"हे तुम्ही एकट्याने लावलंत? बुडबुडा न येता?"

"एक आला होता. सुईने काढला."

"पण सुईचं भोक कुठंय?"

सासरेबुवांनी दाखवलं. जावईबापूंना ते दिसेना, तेव्हा त्यांनी पुन्हा दाखवलं. मग साबणाचं पाणी किती पातळ करायचं, लाटणं कुठल्या बाजूने फिरवायचं, हे जावईबापू विचारत गेले आणि सासरेबुवा सांगत गेले. रॉकेल मुरलं, कोपरा सुटला, नवी फिल्म लागली, तरी दोघांचं संपेना. फिल्मवाल्याने मधेच सासरेबुवांना कामाला येता का म्हणून विचारलं, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कोपऱ्यावर नखाएवढा फिकट डाग तेवढा राहिला. तो नव्या फिल्मखाली गेल्यामुळे आता वर्षानुवर्षं त्याला काही होणार नाही, अशी फिल्मवाल्याने खात्री दिली.

घरी आल्यावर जावईबापू पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेले. दार उघडलं, पुन्हा लावलं आणि हँडलकडे बघत उभे राहिले.

"बाबा, हे सोलता का?"

लेक हातातलं काम सोडून बघत राहिली. सासरेबुवा उठले, वळलेल्या कडेखाली त्यांनी नख घातलं आणि थबकले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

"जावईबापू, आधी नीट सांगा. याच्या खाली हँडलच आहे ना?"

जावईबापू मोठ्याने हसले. त्या घरात सासरेबुवांनी ते पहिल्यांदाच ऐकलं.

"असेल," ते म्हणाले. "आम्ही तरी कुठे बघितलंय अजून?"