तीन ठिपक्यांची थोरवी

जे हरवते ते सापडतेच असे नाही. मात्र जे हरवते त्यावर चर्चासत्र घेता येते, ही गोष्ट बारामतीत आता निर्विवाद सिद्ध झाली आहे.

माळेगावच्या हिंदुरावांचा धाकटा भाऊ दीपक नरसिंहपूरला दर्शनाला जातो म्हणून निघाला, तो परतला नाही. हिंदुरावांनी तिथला नद्यांच्या संगमावरचा घाट पालथा घातला, पोलिसांत वर्दी दिली आणि शेवटी इंदापूरच्या एका साहित्य मंडळाच्या स्मरणिकेत निवेदन द्यायला गेले, कारण ही स्मरणिका बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत घरोघर जाते. संपादक नारायणराव सहृदय गृहस्थ. पण जाहिरातींची पाने नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांनी भरली होती (एका नेत्याला गेल्या वर्षी राहून गेलेल्या शुभेच्छाही द्यायच्या होत्या). कवितेच्या पानावर मात्र जागा होती. तिथे ती नेहमीच असते. तेव्हा नारायणरावांनी निवेदनाच्या ओळी तोडल्या आणि छापले:

माझा भाऊ दीपक.
नरसिंहपूरला जातो म्हणाला, आला न्हाय.
अंगात तपकिरी स्वेटर,
डाव्या भुवईवर कोयत्याचा व्रण.
सुप्याच्या बाजारात बघितलं, न्हाय.
इंदापूरच्या स्टँडवर बघितलं, न्हाय.
दिसला तर कळवा...

शेवटी हिंदुरावांचा फोन नंबर होता. कवितेत आकडे बरे दिसत नाहीत, म्हणून नारायणरावांनी त्या जागी तीन ठिपके दिले. दीपकचा फोटो काढून उडता बगळा टाकला. साहित्याची सेवा म्हणतात ती हीच.

स्मरणिका निघाली त्या दिवसापासून हिंदुरावांच्या आई लीलाबाईंनी फोन चार्जिंगवरून हलू दिला नाही. महिनाभराने तो वाजला. म्हातारीने तो पदराने पुसून हिंदुरावांच्या हातात दिला. फोन बारामतीच्या एका महाविद्यालयातून होता: कविता अभ्यासक्रमात लागली आहे, घटक चौथा, ‘अयशस्वी शोध’, चर्चासत्राला कवींनी यावे. (नंबर नारायणरावांनी दिला. त्यांच्याकडे तो होताच.)

हिंदुराव इस्त्रीचे कपडे घालून गेले. एवढी शिकलेली माणसे जमणार, गावोगावची; एखाद्याने तरी पाहिला असेल, असा त्यांचा साधा हिशेब होता.

चर्चासत्र उत्तम झाले. चौदा निबंध वाचले गेले. पैकी अकरा तीन ठिपक्यांवर, दोन स्वेटरवर आणि एक कोयत्यावर. तपकिरी रंग म्हणजे मातीची घुसमट, याबद्दल दुमत नव्हते. लोकर मेंढीची की मिलची, यावर मात्र थोडी खडाजंगी झाली. पहिल्याच ओळीनंतर पूर्णविराम देऊन कवीने भाऊ तिथेच संपवला आहे, असे डॉ. वृषाली यांनी दाखवून दिले तेव्हा हिंदुरावांनी पाणी मागितले. डॉ. पुष्कर यांनी ठिपक्यांचा क्रम उलगडला. पहिला ठिपका भूतकाळ, दुसरा वर्तमान. तिसऱ्यावर येईपर्यंत जेवणाची वेळ झाली.

जेवणानंतर शाल-श्रीफळ झाले आणि कवींना दोन शब्द बोलायला सांगितले. हिंदुरावांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली.

“ते ठिपके माझं न्हाईत,” ते म्हणाले. “तितं माझा फोन नंबर हुता. दीपक खरंच गेलाय हो. तुमच्यापैकी कुणी बघितलाय का त्याला?”

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. कविता संपल्यावरही शोध संपू न देण्याचे असे धाडस मराठीत क्वचितच कुणी केले असेल, असे अध्यक्षांनी सांगितले. आपल्या कृतीचा अर्थ कवीला ठाऊक असतोच असे नाही, हेही डॉ. पुष्कर यांनी अतिशय प्रेमाने त्यांच्या लक्षात आणून दिले.

निघताना विभागप्रमुख मालतीबाई गेटपर्यंत पोचवायला आल्या. त्यांची एक अडचण होती. भाऊ सापडला तर शोध यशस्वी ठरतो आणि कविता चौथ्या घटकात बसत नाही. मुलांच्या हाती नोट्स गेल्या आहेत, आता बदल म्हणजे विद्यार्थ्यांचे नुकसान.

“ते सापडलेच,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तर परीक्षा होईपर्यंत कुणाला सांगू नका, एवढी विनंती.”

हिंदुरावांना राग आला नाही. सापडल्यावर काय करायचे, याचा विचार करणारी घराबाहेरची ही पहिलीच बाई होती. “बरं,” एवढेच म्हणून ते स्टँडकडे गेले आणि एसटीत चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचे चेहरे बघत शेवटच्या गाडीपर्यंत बसले.

तेव्हा महाविद्यालयाला हसण्यात अर्थ नाही. तिथल्या मंडळींनी ती कविता निदान तीन-तीनदा वाचली होती. आपण वाचत इथपर्यंत आलात, वाटेत चार ठिकाणी हसलातही; उद्या बारामतीच्या स्टँडवर तपकिरी स्वेटरातला एखादा माणूस आपल्या शेजारी येऊन बसू शकतो. व्रण कोणत्या भुवईवर आहे, ते वर न बघता सांगा.