चूक क्रमांक सातशे तीस

आमच्या नगरपालिकेच्या, लोकांना बागा भाड्यानं देणाऱ्या बागवाटप विभागाची संगणकप्रणाली पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेली असून तिच्यात एकही चूक नाही, असं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं आहे. ते मिळवण्यात तिथला प्रोग्रामर म्हणून माझाही हात आहे.

कोड न चालवता नुसता वाचून चुका काढणारं तपासयंत्र आम्ही आणलं. पहिल्याच दिवशी त्यानं चार हजार एकशे बारा चुका काढल्या. विभागप्रमुख शिमेकसाहेबांचा चेहरा उतरला. मग मी आमच्या धंद्यातला रिवाज पाळला. सगळ्या जुन्या चुका एका यादीत टाकून 'यांच्याकडे दुर्लक्ष करावे' असं यंत्राला कळवलं. दुसऱ्या दिवशी चुका शून्य, पडदा हिरवागार. साहेबांनी सगळ्यांना खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, खाऊ घातले.

त्यात सातशे तिसावी चूक अशी होती: 'भाडेकरू मृत आहे का?' या जागी प्रणालीला खरं किंवा खोटं एवढंच हवं असतं, आपण अर्जातला शब्द जसाच्या तसा पाठवतो. पीएचपी मोठ्या मनाची. शब्द कुठलाही असो, ती खरं धरते; कोरी जागा तेवढी खोटं. ज्यांनी आळसानं रकाना कोरा सोडला ते जगले. द्राहोमीराबाई या जुन्या भाडेकरूंनी यंदाच्या अर्जात नीट अक्षरात 'नाही' लिहिलं आणि त्या वारल्या. अडतीस वर्षं जपलेली त्यांची जर्दाळूची बाग सोमवारी दुसऱ्याला जाणार होती.

बाई मुरंब्याची बरणी घेऊन कचेरीत आल्या.

"बाळ, मी तुझ्यासमोर उभी आहे ना?"

"आहात, आजी. पण चूक जुनी आहे. नवी असती तर आजच दुरुस्त केली असती."

"मग काय, पुन्हा नव्यानं मरू?"

साहेब म्हणाले, एक जुनी चूक उघडली की सगळी यादी उघडावी लागेल आणि प्रमाणपत्र जाईल. मी मान डोलावली. प्रतीक्षायादीत पहिलं नाव माझं होतं, अकरा वर्षांपासून. लाज वाटली, पण जर्दाळूला मोहोर आला होता.

तक्रारीची दखल म्हणून साहेबांनी परिपत्रक काढलं: यापुढे एकही रकाना कोरा चालणार नाही.

सोमवारी मी करार केला. रकान्यात 'नाही' लिहिण्यावाचून इलाज नव्हता. मंगळवारी मी वारलो.

साहेबांकडे धावलो. ते सहानुभूतीनं म्हणाले, "तुमची चूक नोंदलेली आहे हो. जुनी आहे."

आता मी आणि द्राहोमीराबाई कुंपणाबाहेरच्या बाकावर बसतो. काल त्यांनी विचारलं, ती यादी केली कुणी. मी मुरंबा खात राहिलो.

तुम्ही हसताय, हसा. तुमच्या कचेरीतही पडद्यावर सगळं हिरवं दिसत असेल. तिथली यादी कुणी केली, हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही, एवढंच.