डिंकाचे सात हात

रखमाजी मामांच्या हातात कागद दिला की ते आधी तो हुंगायचे. वाचायचं नंतर, तेही मनात आलं तर. मी या शाळेत हेडमास्तरीण म्हणून बदलून आले तेव्हा माझा बदलीचा आदेश त्यांनी नाकाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "दोन वर्षं बी न्हाई टिकायचा ह्यो, बाई." मी पाच वर्षं टिकून आहे. आदेशाला मात्र दुसऱ्याच वर्षी कसर लागली.

मामा आमच्या शाळेचे शिपाई. घाटनांदूरपासून थोडं आत गाव, आणि मामांचं घराणं शेळ्यामेंढ्या राखणारं. कुठल्या बाभळीचा डिंक चांगला हे त्यांना रानातूनच ठाऊक. घंटा देणं, झाडणं, पाणी भरणं ही कामं ते करायचे, म्हणजे मी तीनदा सांगितल्यावर करायचे. त्यांचं खरं काम वेगळंच होतं. कपाटात जुनी दाखल-खारीज रजिस्टरं होती. कोणतं पोर शाळेत कधी आलं, कधी गेलं आणि का गेलं, याच्या त्या वह्या. त्यांचं एकेक पान सोडवून त्यावर लेप द्यायचा. कडुनिंबाच्या पाल्याचा काढा, त्यात भिजवलेला डिंक, थोडा कोरफडीचा गर, आणि वाळल्यावर वरून जवसाच्या तेलाचा बोळा. एका लेपाला ते 'हात' म्हणायचे. प्रत्येक पानाला दोन हात.

एकदा हा काढा त्यांनी खिचडीच्या पातेल्यात केला. पोरांनी दोन दिवस ताटं पालथी घातली आणि बोलणी मी खाल्ली.

शेळीचं प्रकरण तर विचारूच नका. मामांची एक शेळी रोज त्यांच्यामागून शाळेत यायची. हजेरीपटात नाव नसलेली आमची सगळ्यात नियमित विद्यार्थिनी तीच. एकदा मामांनी माझ्या पोषण आहाराच्या रजिस्टरालाही न विचारता हात दिला आणि पानं व्हरांड्यात वाळत घातली. बाभूळ आणि कडुनिंब म्हणजे शेळीला मेजवानी. तिनं दोन महिन्यांचा हिशोब चावून गिळला. मला वर लेखी खुलासा द्यावा लागला. 'सदर पाने शेळीने भक्षण केली' हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि शेवटी तेच लिहिलं. साहेबांनी ते मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. परत येऊन मी मामांना वाटेल ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "शेळी खाती म्हंजी औषध असली हाय."

गाव त्यांना येडा म्हणायचं. मीही म्हणायची, फक्त मनात. पण कुणाला आजोबाच्या नावाचा उतारा लागला की गाडी याच येड्याच्या दारात. शेजारच्या गावांतली रजिस्टरं उधईनं, म्हणजे वाळवीनं, केव्हाच खाल्लेली, आमचं पान न् पान शाबूत. मामा बोट न थांबवता नोंद काढून द्यायचे. कागद हातात पडला की माणूस गाडीला किक मारून मोकळा. यांतल्या एकानंही मामांना कधी चहा पाजलेला मी पाहिला नाही.

"मामा, कशाला करता हे? पगार तर तेवढाच," मी एकदा विचारलं.

"उधई काय सुट्टी बघून येती का, बाई?" एवढंच उत्तर.

यंदा वरून फर्मान आलं. सगळी जुनी रजिस्टरं महिनाअखेरीपर्यंत कम्प्युटरात भरा, आणि भरण्याआधी कागदावरचे रिकामे रकाने पूर्ण करा. त्याच महिनाअखेरीला मामा रिटायर होणार होते.

मी पेन घेऊन बसले. पानं उलटता उलटता एक पान हाताला जाड लागलं. पिवळं, चकचकीत. त्यावर एका पोराची नोंद होती, विष्णू रखमाजी, इयत्ता तिसरी. दाखल झाल्याची तारीख होती. शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, दोन्ही रकाने रिकामे. मी लिहायला गेले तर पेन घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. पान उजेडात धरलं तेव्हा त्या रकान्यात बिनशाईच्या रेघाच रेघा दिसल्या. माझ्या आधीच्या हेडमास्तरांचीही पेनं तिथंच घसरली होती.

मामांना हाक मारली. "हा विष्णू कोण?"

"माजा."

"कुठं असतो?"

मामांनी पान हातात घेतलं, हुंगलं. "तिसरीत असतानी तापानं गेला. मी शेळ्या घिऊन पाटोद्याकडं गेलतो. आलो तं समदं झालतं. शाळंत आलो तं हेडमास्तर हितं मयत लिवाया लागलते. मी त्यांचा हात धरला. मग शेळ्या इकल्या अन् हितंच शिपाई लागलो. पैला हात ह्याच पानाला दिला."

"बाकीच्यांना दोन हात. याला किती?"

"सात. शाई धरत न्हाई." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तेवढं एक ऱ्हाऊ द्या, बाई. त्याला खारीज करू नका."

या एका रकान्यापायी तीस वर्षं अख्ख्या गावाची नावं टिकली होती. आणि मी त्या माणसाला पाच वर्षं शेळीवरून बोलत होते. मला माझी शरम वाटली. मी म्हटलं, "राहू देते, मामा."

कागदावर राहिलं. कम्प्युटरला रिकामा रकाना चालत नाही. लाल चौकट यायची आणि पुढचं पान उघडायचंच नाही. जन्मतारखेनं चाळिशी ओलांडलेला विष्णू तिसरीतच अडकून बसला होता. मी वर फोन केला. पलीकडचा हसला. "बाई, शेळीनंतर आता हे का? यादीतलं एक कारण निवडा आणि मोकळ्या व्हा." स्थलांतर. सतत गैरहजर. मयत. शेवटचा दिवस होता आणि विष्णूच्या मागं पाच रजिस्टरं खोळंबली होती. मी नोकरी करणारी बाई आहे. मयतवर बोट दाबलं. लाल चौकट गेली.

मामा चहा घेऊन माझ्यामागं कधी आले कळलं नाही. त्यांना कम्प्युटरातलं इंग्रजी वाचता येत नव्हतं. ते पडद्यावर वाकले आणि त्यांनी तो हुंगला.

"इष्णू हाय का ह्यात?"

"आहे."

"खारीज न्हाई ना?"

"नाही."

"ह्याला कशाचा हात देत्यात?"

"काही द्यावा लागत नाही, मामा. एकदा लिहिलं की पुसतच नाही."

"मग बरं हाय," ते म्हणाले आणि चहाचा कप माझ्यापुढं ठेवला. मी तो प्यायले.