लाल पट्ट्याची लुआज

माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं "त्यात काय आहे एवढं?" या वाक्यानं सुरू झालेली आहेत. या वेळीही मी तेच म्हणालो, आणि तेही बायकोसमोर.

झालं असं, की माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मब्रूक यांनी, गाडी सोडली. खरं म्हणजे डोळ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी सोडायला लावली. आमच्या स्फाक्सपासून ट्युनिसपर्यंत त्यांनी सारी हयात लुआज चालवली. पांढरी व्हॅन, कमरेला लाल पट्टा, आत आठ उतारू. आठवा उतारू बसल्याशिवाय लुआज हलत नाही, मग पहिला उतारू आत वाट बघून म्हातारा का होईना. पुतण्याच्या हातात चाव्या दिल्या त्या दिवसापासून सासरे बोलेनासे झाले. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. नुसते खिडकीशी बसायचे, काही विचारलं तर मान हलवायचे. एरवी जेवताना, चहा पिताना माझा उद्धार करणारा हा माणूस मला साधं "गाढवा" म्हणेना, तेव्हा मलाही करमेना.

"शुक्रवारी बाबांचा वाढदिवस आहे," जलीला म्हणाली. "लुआजच्या आकाराचा केक सांगू या का? एकदा तोंड उघडलं त्यांनी तरी पुरे. मला हे बघवत नाही रे."

केकवाल्यानं हात वर केले. असले केक आठवडाभर आधी सांगावे लागतात म्हणे. मग मी ते वाक्य बोललो.

"त्यात काय आहे एवढं? चौकोनी डबा आणि चार चाकं. मीच करतो."

"तू?" जलीलानं असं विचारलं, की मला माघार घेणं अशक्य झालं. (मी पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून आहे. आजवर कोरलेली एकमेव वस्तू म्हणजे पेन्सिल.)

जलीलानं केकच्या लाद्या भाजून दिल्या. मी त्या एकावर एक रचल्या आणि पाव कापायची सुरी घेऊन कोरायला बसलो. निवू द्यायच्या असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.) बॉनेट डावीकडे जरा जास्त गेलं, म्हणून उजवीकडून थोडं काढलं. मग उजवीकडे जास्त गेलं. दोन मांजरांना लोणी वाटून देणाऱ्या माकडासारखी माझी गत झाली. फरक इतकाच, की माकड ते मुद्दाम करत होतं. काढलेला भाग टाकवत नव्हता, म्हणून मी तो खात होतो. छपराचे कोपरे ढासळले, तेव्हा सारवासारव करून त्यांना गोलाई दिली आणि वरून पांढरं क्रीम थापलं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या लल्ला झोहरा वाटीभर ताजी हरिसा, आमची लाल मिरची-लसणाची झणझणीत चटणी, घेऊन आल्या. टेबलाकडे बघून त्यांनी छातीवर हात ठेवला.

"बिस्मिल्ला! कुठल्या पीराचा दर्गा म्हणायचा हा?"

"लल्ला, लुआज आहे ती."

"असेल हो. पण नवस बोलायला काय हरकत आहे?" त्यांनी डोळे मिटले. "मब्रूक बोलू दे, मी मेणबत्ती लावीन."

"केकवर तशीही लावायचीच आहे," मी म्हणालो. पण त्या वाटी ओट्यावर ठेवून निघून गेल्या होत्या.

राहिला पट्टा. घरात निळा रंग होता. "निळाच ओढतो," मी म्हणालो.

"निळा?" जलीला किंचाळली. "निळ्या पट्ट्याच्या गाड्या शेजारच्या गावापर्यंत जातात! बाबांना वाढदिवसाच्या दिवशी जवळच्या फेऱ्यांवर टाकतोस?"

मी खाली जाऊन लाल रंग आणला, साखरेच्या लेपात कालवला आणि वाटी ओट्यावर ठेवली. चाकांना चॉकलेटची बिस्किटं लावली. खिडक्या कोरून आत उतारू म्हणून खजूर बसवले. मग घाईघाईत वाटी उचलली, कागदाच्या पुंगळीत लाल माल भरला आणि गाडीभोवती असा झोकदार पट्टा ओढला, की माझं मलाच कौतुक वाटलं.

संध्याकाळी जलीलानं वडिलांना हाताला धरून आणलं. ते टेबलाभोवती एक चक्कर फिरले. मग वाकले आणि डोळा पार खिडकीला लावला.

"सात," ते म्हणाले.

जलीलानं माझा दंड घट्ट पकडला. बाबा बोलले होते!

"सातच आहेत. एक जागा रिकामी आहे."

"बाबा, आठवा खजूर मी खाल्ला," मी कबूल केलं. "जरा ताण आला होता."

"उतारू खाल्लास, गाढवा?"

हा शब्द ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी हसायला लागलो. जलीलानं सुरी पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली. "सात जणांवर गाडी निघत नाही!" असं म्हणून ते तरातरा बाल्कनीत गेले, तोंडाला हात लावले आणि ओरडले, "ट्युनिस! एकच जागा! चला, एकच! लगेच निघणार!"

रस्त्यावरचा एकजण पिशवी उचलून खरंच धावत आला. त्याला परत पाठवायला जलीलाला खाली जावं लागलं. वरून लल्ला झोहरा डोकावल्या, "काय हवंय, मब्रूक?"

"एक खजूर!"

त्या खजूर घेऊनच उतरल्या. सासऱ्यांनी तो मागच्या सीटवर बसवला, स्वतःच्या हातानं केक कापला आणि पट्ट्यासकट मोठा घास घेतला. त्यांचे डोळे भरून आले. पाणी गालावर ओघळलं. ते बघून जलीला रडली, लल्ला झोहरा ओढणीनं डोळे टिपू लागल्या, आणि मीही रडलो. माझ्या हातच्या केकनं एका माणसाला गहिवरून आलं होतं! त्या गहिवरातच मी घास घेतला.

मग मला ओट्यावरची वाटी दिसली. साखरेच्या लाल लेपानं काठोकाठ भरलेली.

"बाबा, थुंका! थुंका ते! पाणी आणा कुणीतरी!"

त्यांनी माझा हात धरला, डोळे पुसले आणि विचारलं, "हे लाल कुणाच्या हातचं?"

"माझ्या," लल्ला झोहरा चाचरत म्हणाल्या.

"वा! लसूण काय बेताचा पडलाय. जलीला, पाव आण."

आणि मग ते बोलत सुटले. पावानं पट्टा निपटता निपटता टायर फुटलेल्या रात्री निघाल्या, कडेवर बकरी घेऊन बसलेली बाई निघाली, अर्ध्या वाटेत बारसं झालेलं पोर निघालं. जलीला त्यांच्या खुर्चीच्या पाठीला टेकून ऐकत होती, आणि खुर्चीमागे तिनं माझा हात धरला होता. माझ्या कारागिरीचे या घरावर काही उपकार नाहीत. पण लल्ला झोहरांच्या वाटीचे आहेत, आणि ते मी जन्मभर विसरणार नाही.

चारी बाजूंचा पट्टा साफ झाल्यावर सासऱ्यांनी तृप्त होऊन ढेकर दिली आणि उरलेली अख्खी गाडी माझ्याकडे ढकलली.

"पट्टा गेला, म्हणजे गाडी खासगी झाली, शाद्ली. आता ती तुझी. तूच संपव."

आज माझ्या डब्यात मागचं चाक आहे.