उपासाचं तेल

बायनाबाईला जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि तिचा नवरा सुग्रीव डोक्याला तेल चोपडत बसला होता.

सांगितलं होतं चर्चचे पाळक त्रिंबकराव यांनी. "मन थाऱ्यावर न्हाई, तीन दिवस उपास धरतो," असं सुग्रीव म्हणाला, तेव्हा ते म्हणाले, "धर. पण उपास म्हणजे पोट मारणं नव्हे, देवापुढं रितं होणं. त्याला दिसलं की झालं, गावाला कळू द्यायचं न्हाई. तोंड धू, तेल लाव, उदास दिसू नको. शास्त्रात तसंच लिहिलंय."

उदास दिसू नको! साऱ्या नांदूरघाटात सुग्रीवला सध्या उदास दिसणं तेवढंच जमत होतं.

पहिला दिवस.

आडावर शेजारीण अमीरबी थबकली.

"कावून भाऊ, भांग पाडलाय? कुणी येणार हाय काय?"

"न्हाई."

"मग तुमी जाणार हाय?"

सुग्रीव हसला. हसणं भागच होतं.

दुसरा दिवस. गावात सुग्रीवचं लग्न ठरलं. नवरी कुठली, एवढ्यावरच वाद उरला.

तिसरा दिवस. दुपार. घाटनांदूरहून सासू. तुळजाबाई. लेक-जावई ख्रिस्ती झाले तरी हिचा धर्म जुना, राग ताजा. आल्या आल्या तिने नातीचे झगे गाठोड्यात बांधले.

"केशरला नेते. सावत्र आईच्या हाती न्हाई द्यायची."

"आत्याबाई, लगीन न्हाई वो!"

"मग तेल कशापायी?"

सांगावं, तर उपास वाया. न सांगावं, तर चार वर्षांची केशर जाते. सुग्रीवने ओठ मिटले आणि वर हसून दाखवलं.

ते हसू फार वाईट दिसलं.

"भाकर खा," तुळजाबाईने पितळी सरकवली. "का तिकडंच जेवून आलाव?"

तिकडं जेवलो न्हाई हे पटावं म्हणून तो घाईघाईने जेवायला बसला. एक भाकर. दुसरी. तिसरी.

"दुखवट्यात तीन भाकरी!" म्हणत तिने केशरला काखेत उचललं. पोरीने खांबाला मिठी मारली.

तेवढ्यात दारात त्रिंबकराव.

"सुग्रीवा! सांजेपर्यंत उपास होता ना? तीन दिवस धरून शेवटी मोडलास?"

तुळजाबाई थांबली.

"तीन दिवस? बायनापायी?"

सुग्रीवचं हसू गळून पडलं. धुतलेलं तोंड पुन्हा ओलं झालं.

तिने केशरला खाली ठेवलं, गाठोडं सोडलं आणि पितळीकडे रागाने पाहिलं.

"उपासाला जवारीची भाकर खाता? कुणी शिकवलं हे तुमाला? थांबा, भगर टाकते."

पाळकांनी उपासाचा अर्थ सांगायला तोंड उघडलं. तिने त्यांच्यापुढेही पितळी ठेवली.

"बसा. तुमी बी."