ठोकळ्यांवरची चंद्री

हैबतभाऊ मोटारीच्या खोलीत शिरण्याआधी दाराशी खाकरायचे. खाकरायचे, जरा थांबायचे, "मी हाय गं" म्हणायचे आणि मगच कडी काढायचे. आत माणूस कोणी नसे. आत शेठची मोटार असे, आणि तीही चाकांवर नव्हे, लाकडाच्या ठोकळ्यांवर उभी.

मी नवी नवी होते तेव्हा एकदा विचारलं, "भाऊ, खाकरता कुणासाठी?"

"वैनी, निजलेल्या जित्राबाजवळ एकदम जाऊ न्हाई. लाथ मारतं."

आता हे ऐकून हसायचं की गप्प बसायचं, तुम्हीच सांगा. मी पदर तोंडाला लावून आत पळाले.

लोणावळ्याला आमचं बिऱ्हाड तेव्हा एका मुंबईकर शेठच्या बंगल्यामागं, दोन खोल्यांत होतं. आमचे हे रेल्वेत, मालगाड्यांच्या कामावर. शेठ उन्हाळ्यात यायचे, दिवाळीला यायचे, बाकी वर्षभर बंगल्याला हैबतभाऊच मालक. नाव हैबत, पण माणूस म्हणजे खुंटीला टांगलेला खाकी कोट. मूळचे जवळच्याच उर्से गावचे. आधी शेठच्या टांग्याच्या घोडीचे मोतद्दार होते. घोडीचं नाव चंद्री. पुढं शेठनं घोडी विकली, मोटार घेतली आणि हैबतभाऊंना मुंबईला एका मिस्त्रीकडं धाडून मोटार हाकायला शिकवलं. भाऊ शिकले खरे, पण त्यांच्या लेखी फरक एवढाच की चंद्रीला चाकं आली. तबेला तोच, नाव तेच. सकाळी तिच्या टपावर थाप मारल्याशिवाय ते चहा घेत नसत.

मग ती दुसरी मोठी लढाई सुरू झाली. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायला लागलं, आणि चिठ्ठीसुद्धा शेठच्या मुंबईच्या मोटारीलाच पुरेना. शेठ आले आणि म्हणाले, "हैबत, हिला आता ठेवून दे. लढाई खतम होयल तवा बघू. चालू झाली तर ठीक, नाय तर भंगारवाल्याला देऊन टाकीन." भाऊंचा चेहरा पाहून त्यांनाच काही वाटलं असावं. जाता जाता म्हणाले, "अने चालू झाली ने, तर पहिला फेरा तुझा. जेला बसवायचा तेला बसव."

शेठ बोलले आणि विसरले. हैबतभाऊंनी ते काळजात लिहून ठेवलं.

मोटार ठेवून द्यायची म्हणजे दार लावून कुलूप घालायचं, असं मला वाटत होतं. छे! लेकीचं बाळंतपण काढावं तसा तो प्रकार. आधी आमच्या ह्यांच्यामागं लागून रुळांखालचे जुने, मोडके स्लीपर मिळवले, त्यांचे ठोकळे केले आणि चंद्रीला त्यांवर चढवलं. "चार पायांवर सारखं उभं ऱ्हायलं की सांधं धरत्यात." पाणी काढलं, पेट्रोल काढलं, बॅटरी काढली. इंजिनाची झाकणं उघडून आत थेंब थेंब तेल सोडलं, तेसुद्धा डोळ्यांत औषध घालतात तसं, "हूं, हूं, झालं बग" म्हणत. चाकांच्या रबराला शंखजिऱ्याची पूड चोळली. चकचकीत भागांना ग्रीस फासलं.

इथवर सगळं त्या मुंबईच्या मिस्त्रीनं शिकवलेलं होतं. पुढचं भाऊंच्या डोक्यातलं. चामड्याच्या गाद्यांना त्यांनी घोड्याच्या खोगिरासारखं गोडं तेल लावलं. त्या तेलाला लोणावळ्यातल्या तमाम मुंग्यांनी हजेरी लावली. भाऊंनी गाडीभोवती हळदीची रेघ ओढली. मुंग्या हळद ओलांडून गेल्या. शेवटी भाऊ आणि मी दोघांनी बसून साबणाच्या पाण्यानं त्या गाद्या पुसल्या. मुंग्या माझ्या हातांना चावत होत्या आणि हे गृहस्थ चंद्रीला विचारत होते, "लय चावल्या का गं?"

मग झूल. जुन्या चादरी जोडून मी ती माझ्या हातांनी शिवली. भाऊंनी सुतळीनं माप घेतलं आणि मला बजावलं, "गळ्यापाशी सैल ठिवा, वैनी. तिला दम लागतो." मोटारीचा गळा कुठला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. अंदाजानं सैल ठेवला.

मागच्या धुराच्या नळीतून उंदीर शिरतात, म्हणून तिच्यातही काही कोंबायचं होतं. मी एक लांबुळकी पिशवी शिवून दिली. भाऊंनी तीत कडुलिंबाचा पाला ठासला, पिशवी नळीत दडपली आणि वरून कापडाचा बोळा घट्ट मारला.

लोणावळ्याचा पावसाळा कसा, ते तिथं राहिलेल्यालाच कळतं. चपलेला बुरशी येते, पापड दमट, काड्या दमट. त्या दिवसांत भाऊ माझ्या चुलीतले निखारे उचलून न्यायचे आणि चंद्रीपाशी शेगडी ठेवायचे. आमचा चहा अर्धा राहायचा. हे कुरकुरत, "अगं, तिला दे सगळं. मी आपला थंड पितो."

पण खरी गंमत पुढंच आहे. बाजाराच्या दिवशी दुपारी हैबतभाऊ अंघोळ करून, कोट घालून, टोपी झटकून तबेल्यात जायचे. झूल काढायचे. मागचं दार उघडून धरायचे. जरा वेळ उभे राहायचे. मग दार हलकेच लावून घ्यायचे, पुढं जाऊन बसायचे आणि मोटार हाकायचे. ठोकळ्यांवरची! चाक फिरवायचं, दांडा ओढायचा, तोंडानं घुर्र घुर्र चालू. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसे.

एकदा घुर्र घुर्र थांबली आणि बराच वेळ काहीच हालचाल नाही. मी आपली काळजीनं दाराशी गेले. म्हटलं, "भाऊ, बरं आहे ना?"

"फाटक लागलंय," भाऊ समोर बघत म्हणाले.

"कुठलं फाटक?"

"उर्शाच्या वाटंवरचं. मालगाडी हाय."

"एवढा वेळ?"

"तुमच्या मालकांनीच सोडलीया. त्यास्नी इचारा."

मी घरात येऊन ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "सांग त्याला, गेली म्हणावं." मी परत जाऊन निरोप दिला. भाऊंनी टोपीला हात लावून रामराम केला आणि चंद्री पुढं निघाली.

हसू नका. म्हणजे हसा, मीही हसले. पण ते मागचं दार माझ्या डोक्यातून जाईना. मग एकदा निखारे न्यायला आले तेव्हा विचारलंच. भाऊ पळी हातात धरून उभे राहिले. निखारे विझत आले तरी उभेच.

"सारजासाठी," म्हणाले.

सारजाबाई म्हणजे त्यांची बायको. उर्शाला घर, थोडी भातखाचरं, त्या तिकडं बघायच्या. पूर्वी अधूनमधून बंगल्यावर राहायला यायच्या. मग यायच्या थांबल्या. का, ते त्या दिवशी कळलं.

लढाईआधीच्या एका चैत्रात एकवीरेची यात्रा होती. भाऊ शेठच्या पाहुण्यांना कार्ल्याच्या डोंगराखाली सोडून मोकळी मोटार घेऊन परत निघाले होते. समोरून सारजाबाई चालत येत होत्या, डोक्यावर गाठोडं, बरोबर गावच्या बाया. मोटार दिसली तशी त्या बायांना म्हणाल्या, "थांबा गं, आमचं ह्ये घेत्यात बगा समद्यांस्नी." आणि रस्त्याच्या मध्ये येऊन हात केला.

"मग?" मी विचारलं.

"मालकाचा हुकूम व्हता, मोकळ्या गाडीत कुनाला घ्यायचं न्हाई."

"म्हणून थांबला नाहीत?"

भाऊ खाली बघत म्हणाले, "भोंगा वाजवला."

"बायकोला?"

"ती मदी आलती की वो, वैनी!"

मी कपाळावर हात मारला. साऱ्या बाया धुळीनं माखल्या आणि हसल्या. सारजाबाई तशाच डोंगर चढल्या आणि देवीसमोर शपथ घेऊन बसल्या, तुमच्या त्या चालत्या मोटारीत मी जन्मात पाय ठिवायची न्हाई. बंगल्यावर यायचं बंद केलं. भाऊ सुट्टीला घरी गेले की ताट वाढायच्या, पाणी द्यायच्या. बोलणं मात्र भिंतीशी किंवा म्हशीशी.

"शेठनं सबूद दिलाय," भाऊ म्हणाले, "पैला फेरा माझा. दारात मोटार नेऊन हुबी करतो. मग बगू कशी बसत न्हाई ती." आणि लगेच आवाज उतरला. "चंद्री तेवडी जागी झाली पायजे."

त्या दिवसापासून निखाऱ्यांवरून आमच्या घरात कुरकुर झाली नाही. मी ह्यांना सांगितलं होतं. ह्यांनी नुसतं हूं केलं, पण पुढच्या पावसाळ्यात रेल्वेच्या आवारातून कोळशाचा चुरा आणायला लागले.

लढाई संपायला वेळ लागला. देहूरोडकडं जाणाऱ्या लष्करी गाड्या कमी झाल्या आणि एका सकाळी शेठ आले. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा कोट, बरोबर मुंबईचा मिस्त्री, नवी बॅटरी आणि पेट्रोलचा डबा. भाऊ पहाटेच अंघोळ करून बसले होते. दाराशी खाकरले, "मी हाय गं, मालक आल्यात" म्हणाले. चंद्री ठोकळ्यांवरून खाली आली. हवा भरली, पाणी घातलं, तेल बदललं. मिस्त्रीनं पुढं उभं राहून हँडल मारलं.

खों, म्हणाली आणि बंद.

पुन्हा हँडल. खों, खों आणि बंद. मिस्त्री घामाघूम झाला. हे उघडलं, ते फुंकलं, तार खरवडली. दुपार झाली. भाऊ टपाला कान लावून उभे होते, मग खिशातून गुळाचा खडा काढून त्यांनी दिव्याखाली ठेवला. शेठनं तो खडा पाहिला आणि मिस्त्रीला म्हणाले, "छोड दे. उद्या भंगारवाल्याला बोलवू."

भाऊंनी टोपी काढून हातात घेतली, एवढंच.

मी चहाचे पेले घेऊन उभी होते. मला मोटारीतलं ओ की ठो कळत नाही. पण माझ्या हातची शिवण मला आठवते. झूल घडी घालून ठेवली होती, ती दिसत होती. दुसरी कुठं दिसेना.

"अहो भाऊ," मी म्हटलं, "पाल्याची पिशवी काढलीत का मागची?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग अशी धाव घेतली म्हणता! बोळा निघाला, पिशवी काही निघेना, वर्षानुवर्षांची फुगून बसलेली. अर्धीच फाटून हातात आली. तेवढ्यात मिस्त्रीनं पुढून हँडल मारलं. धाडदिशी आवाज झाला, काळा धूर उठला, आणि उरलेला सगळा कडुलिंब मागं बघायला आलेल्या शेठच्या पांढऱ्या कोटावर. चंद्री थरथरत, ठसकत चालू राहिली. शेठ खोकत होते आणि हसतही होते. पिशवी शिवणारी मी पेल्यांसकट आत पळाले.

शब्द मात्र शेठनं पाळला. भाऊ माझ्या दाराशी आले. "वैनी, तुमी चला. बाईमानूस संगं असलं म्हंजे ती नाय म्हनायची न्हाई." ह्यांनी मला जा म्हणून मान हलवली. मी बसले, पण पुढं. मागची गादी भाऊंनी फडक्यानं झाकून ठेवली होती. उर्शाच्या वाटेवर फाटक लागलं, खरंखुरं. भाऊ टोपी सावरत म्हणाले, "बगा. खोटं बोलत व्हतो का?"

सारजाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. दारात मोटार, मागं अख्खा गाव, तरी सुपाचा ताल मोडला नाही. मी उतरून बाजूला झाले. भाऊंनी मागचं दार उघडलं, फडकं काढलं आणि उभे राहिले. तबेल्यात उभे राहायचे तसेच.

सारजाबाई मला म्हणाल्या, "बाई, ह्यास्नी सांगा, माजी शपथ हाय. देवीफुडं घेतल्याली."

"ऐकलंय मी," म्हटलं.

सूप चालू होतं. चंद्रीचं धडधडणंही चालू होतं. भाऊंनी धरलेलं दार सोडलं नाही. 

बऱ्याच वेळानं सारजाबाईंनी सूप खाली ठेवलं. "ती बंद करता येती का?" असं मलाच विचारलं.

भाऊ धावत पुढं गेले. धडधड थांबली.

"आता चालत न्हाई न्हवं?"

"न्हाई," भाऊ म्हणाले.

सारजाबाईंनी रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले, पदराला पुसले, आणि मागच्या गादीवर जाऊन बसल्या. ताठ. भाऊंनी दार हलकेच लावलं. पुढं जाऊन बसले. चाकावर हात ठेवला, आणि बंद मोटार हाकायला लागले. पोरं खिदळली, एका म्हातारीनं त्यांना दटावलं. मला हसू आलं नाही.

"कुटं निगालाय?" मागून आवाज आला. या वेळी भिंतीशी नाही, म्हशीशी नाही.

"कार्ल्याकडनं परत येतोय."

चाक डावीकडं वळलं, उजवीकडं वळलं. मग भाऊ हळू म्हणाले, "फुडं यक बाई हाय रस्त्यात. डोस्क्यावर गठुडं. हात करती."

सारजाबाई मग म्हणाल्या, "भोंगा नका वाजवू."

भाऊंनी ब्रेकचा दांडा ओढला. खाली उतरले, वळसा घालून पलीकडे गेले, पलीकडचं मागचं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले.

सारजाबाईंनी गादीवर सरकून जागा केली.