थोरल्या धन्यांच्या डाव्या डोळ्याची हकीकत

श्री पेन्सिल समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, ते दिवशी राज्यात सर्व कुशल होते. थोरले धनी, पाटबंधारे खात्याचे नकाशे काढता काढता पेन्शनीत आलेले, न्याहारी करून गॅलरीत बसले. आल्यागेल्याचे मुखचित्र पेन्सिलीने काढावे आणि दिवाणखान्याच्या भिंतीस लावावे, ऐसा त्यांचा रिवाज. दूधवाले, मीटर वाचणारे, व्याही, सर्व भिंतीवर चढले होते. थोरल्या कन्या तेवढ्या राहिल्या. धन्यांनी पेन्सिल उभी धरून, डावा डोळा बारीक करून माप घेतले आणि म्हणाले, "बस गं, अर्धा तास." कन्या म्हणाल्या, "वेळ नाही, बाबा. फोटो काढला की बटणावर स्केच होतं आता." आणि दाखवावे म्हणून त्याच मुद्रेत त्यांचा फोटो घेतला आणि कामावर गेल्या. दुसरे दिवशी पहाटे धनी झोपेतच निवर्तले.

मग बाराव्या दिवशी मसलत झाली, की उद्या तेरावा, धन्यांनी साऱ्यांस काढिले, त्यांस कोणी काढिले नाही, तरी त्या फोटोचे रेखाचित्र करून भिंतीच्या मधोमध लावावे. कन्यांनी विडा उचलला आणि संगणकापुढे बैठक घातली. प्रथम रंग हद्दपार केले, मग चित्राची दुसरी प्रत करून तिचे काळ्याचे पांढरे केले, मग ती धूसर करून पहिलीवर पसरली, आणि धनी पिठात पडल्यासारखे दिसो लागले. धूसरपणा वाढवावा तो नाक जाई, घटवावा तो गालांवर मुंग्या चढत. मिशी तीन वेळा गेली. मग प्रोग्राम "प्रतिसाद देत नाही" म्हणोन रुसला आणि दोन प्रहरांची मेहनत पाण्यात गेली. इतक्यात धाकटे बंधू मकरंदराव दाराशी येऊन म्हणाले, "ताई, फ्रेमवाला सहाला बंद करतो." कन्या म्हणाल्या, "मग त्याला सांग बसून राहायला." बंधू म्हणाले, "माझ्या ॲपमध्ये टाक ना. दोन सेकंद." टाकिले. दोन सेकंदांत एक गृहस्थ अवतरले. गाल तुकतुकीत, दोन्ही डोळे सारखे. कन्यांनी पुसले, "हा कोण?" "बाबाच. जरा फ्रेश." "आणि डावा डोळा?" "त्यानं दुरुस्त केला असेल. बरा दिसतो की." कन्या म्हणाल्या, "बरं दिसायला बाबा काय लग्नाला उभे आहेत? जा, चहा टाक."

मग सर्व युक्त्या टाकून कन्यांनी फोटो मोठा केला आणि तो एक डोळा माउसने, रेघ रेघ, हाताने काढावयास घेतला. आणि माउस म्हणजे साबणाची वडी, रेघ कोठे ठेवावी तो कोठे जाई. एकेका रेघेसाठी दहा वेळा बघावे लागे, आणि बघावे तो, तो डोळा कन्यांचेच माप घेत होता. बराच वेळ ऐसा गेला. दोघांपैकी कोणी नजर काढिली नाही.

एवंच, प्रोग्राम जिंकला नाही, फ्रेमवाला दुकान बंद करून गेला, चहा निवला, आणि एक डोळा तेवढा हाती लागला. त्या डोळ्यास कन्या मोठ्याने म्हणाल्या, "बाबा, वेळ होता. तुम्ही इतका वेळ माझ्याकडे बघाल, याचीच भीती वाटायची."